वटहुकूम काढण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे राहावा का?

धागाकर्ता:
विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल अनुच्छेद 213 नुसार वटहुकूम काढू शकतात. मात्र ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागत असल्यामुळे कायदा करणारे आणि तो राबवणारे प्रत्यक्षात एकच ठरतात. बिहारमध्ये 1967 ते 1981 या काळात 256 वटहुकूम निघाले, ते वारंवार नव्याने काढले गेले आणि त्यांपैकी एक तर जवळजवळ चौदा वर्षे जिवंत ठेवला गेला. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी हे चव्हाट्यावर आणले, आणि 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला घटनेची फसवणूक म्हटले. हा अधिकार राज्यांकडून काढूनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1:
मी सहमत नाही. मंत्रिमंडळ सभागृहातूनच येते आणि बहुमतही त्याचेच असते, त्यामुळे विधेयक आणले असते तरी ते संमत झालेच असते. साथ किंवा महापूर अधिवेशनाची वाट पाहत नाही. शिवाय अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी वटहुकूम आपोआप संपतो. बिहारमध्ये गैरवापर झाला, एवढ्यावरून अधिकारच रद्द करणे मला अतिरेकी वाटते.

धागाकर्ता:
‘संमत झालेच असते’ हे गृहीतच मला मान्य नाही. विधेयकावर चर्चा होते, विरोधक दुरुस्त्या सुचवतात, मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते आणि ते सारे कामकाजात नोंदले जाते. बहुमत असलेल्या सरकारवरचा अंकुश तोच असतो. बिहार सरकारने संस्कृत शाळा ताब्यात घेण्यासाठी 1989 पासून एकामागून एक वटहुकूम काढले, पण त्यांचे कायद्यात रूपांतर झालेच नाही. 2017 साली सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यांतून कायमचे हक्क निर्माण होत नाहीत असा निर्णय दिला, आणि सरकारच्या शब्दावर विसंबलेल्या शिक्षकांच्या हाती, आधी मिळालेले पगार वसूल होणार नाहीत, एवढाच दिलासा उरला.

प्रतिसाद 2:
शिक्षकांवर अन्याय झाला हे खरे, पण त्याच निकालाने वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक ठरवले आहे. खरी अडचण अनुच्छेद 174 मध्ये आहे: दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपर्यंत अंतर चालते, परंतु वर्षात किमान किती दिवस बैठका व्हाव्यात याविषयी घटना मौन बाळगते. बैठकांचे किमान दिवस ठरवून दिले, तर वटहुकूम काढण्याचे निमित्तच फारसे उरणार नाही.

प्रतिसाद 1:
याला माझा पाठिंबा आहे. त्याबरोबरच, तातडीने अधिवेशन का बोलावता आले नाही याचे लेखी कारण मुख्यमंत्र्यांनी पहिल्याच दिवशी सभागृहात द्यावे.