नवसाचे डोळे, पाळणे, पावलं : तुमच्या घरातल्या गोष्टी सांगा

आज्जीची ट्रंक आवरताना हळदीनं माखलेल्या चिंधीत चांदीचे दोन डोळे सापडले. नखाएवढे, पातळ पत्र्याचे. आज्जी सौंदत्तीच्या यल्लम्माला दरसाल जायची, मग हे डोंगरावर पोचले कसे नाहीत? आई म्हणाली, "मामाचे लहानपणी डोळे आले होते, तेव्हा बोललेली असणार. फेडायचं राहिलं." बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या सगळ्यांना विचारतेय : तुमच्याकडे काय वाहायचे, कशासाठी? आणि असा राहिलेला नवस असेल तर काय करता?

निपाणीहून
माझं माहेर हुपरीचं, घरात चांदीकाम. दुकानात कुणी डोळे मागितले की वडील आधी विचारायचे, "मूर्तीला बसवायचे की नवसाचे?" मूर्तीचे डोळे जाड आणि मापाचे. नवसाच्या जोडीला ग्रॅम-दीड ग्रॅम चांदी पुरते. पत्रा ठशावर ठेवून ठोकायचा, आकार उमटला की कातरीनं कडा कापायच्या. हात, पाय, पावलं, बाळ, सगळ्यांचे ठसे असायचे. पाळणा मात्र वेळखाऊ. दांड्या वेगळ्या, साखळी वेगळी, जोड द्यावे लागतात. पाय मागणाऱ्याला पुढचा प्रश्न ठरलेला, "डावा का उजवा?" लहानपणी मला त्याचं हसू यायचं. एकदा एक म्हातारे त्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "राहिलाय तो उजवा, गेलाय तो डावा. कुठला देऊ?" वडिलांनी दोन्ही दिले, पैसे एकाचेच घेतले.

रायबाग तालुक्यातून
आमची देवी मायाक्का, चिंचलीची. माघातल्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडनं बैलगाड्या येतात, तशी आमचीपण जायची. एका साली बैलाचा खूर फाटला. आजोबा चांदीचा खूर करून द्या म्हणून सराफाकडे गेले तर त्याच्याकडे ठसाच नाही! माणसाचं पाऊल घ्या म्हणाला. आजोबा ऐकतात होय? हातानं घडवून घेतला. ओबडधोबड झाला, वाटीसारखा दिसायचा. चांगभलं म्हणून वाहिला. बैल पुढं सहा वर्षं औताला चालला.

खानापूरहून
आमच्या गावची माणसं गोव्यालाही नवस फेडायला जातात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जुन्या गोव्यात चर्चला वाहायला मेणाचे हात, पाय, बाळं विकत मिळतात. माझ्या काकीनं गुडघ्यासाठी मेणाचा पाय घेतला होता. परतताना म्हणाली, चांदीपेक्षा हे बरं, गरिबालाही परवडतं. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, तर हिंदूही तेल वाहतात, शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण मानतात. मिलाग्रिस हा पोर्तुगीज शब्द, अर्थ चमत्कार. मेक्सिकोत असे धातूचे छोटे अवयव वाहतात, त्यांना मिलाग्रोस म्हणतात, म्हणजे मूळ शब्द तोच! तिथंही डोळे, पाय, हृदय, शिवाय गाय-घोडे. रायबागच्या खुराला तिथं ठसा मिळाला असता.

बेळगाव शहरातून
माझ्या पणजीला देवी आल्या, एक डोळा गेला. उरलेल्यासाठी तिनं चांदीचे डोळे वाहिले. दोन का वाहिले, एकच का नाही, असं मी विचारायचो. म्हणायची, "देवीला काणी जोडी कशी द्यायची?" देशातला देवी रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्यानंतर त्या कारणानं डोळे वाहणं थांबलं. आता मोतीबिंदूसाठी वाहतात. माझ्या आईनं ऑपरेशनही केलं आणि डोळेही वाहिले. डॉक्टरांना पेढे, यल्लम्माला चांदी.

चिकोडीकडून
आमचं घर दोन्ही भाषांचं. आज्जी नवस मराठीत बोलायची, पुजाऱ्याशी कन्नडात. तो विचारायचा, "हरके एनु?" ती म्हणायची, "कण्णु" किंवा "तोट्टिलु". नवसाला हरके आणि पाळण्याला तोट्टिलु म्हणतात, हे मला शाळेच्या आधी देवळात कळलं.

नाव-गाव नको
पाळण्याचं सगळे आनंदानं सांगतात. माझ्या आत्यानं आधीच बांधला होता, लाकडी, झाडाला. चांदीचा नंतर वाहायचा होता. ती वेळ आली नाही. दरवर्षी जत्रेत बायका "अजून फेडला नाहीस?" विचारायच्या, जणू उधारी थकवलीय. शेवटी तिनं जत्राच सोडली. कुणाच्या हातात काय आहे हे बघून प्रश्न विचारू नयेत, एवढं मला यातून म्हणायचंय.

निपाणीहून, पुन्हा
ताई, तुमच्या डोळ्यांचं : आमच्याकडे राहिलेला नवस मुलानं-नातवंडानं फेडला तरी चालतो. नवीन करू नका, तेच वाहा. काळे पडले असतील तर राखेनं हलकेच घासा, पत्रा पातळ असतो, जोरात घासलात तर बुबुळ जाईल.

धागा काढणारी
घासले. बुबुळं शाबूत. मामाला फोन केला, तो आता सत्तरीचा. म्हणाला, "माझेच डोळे, मीच नेऊन वाहतो. पण आधी चष्म्याचा नंबर बदलून घेतो, देवळाच्या पायऱ्या दिसत नाहीत."