मदत हवी आहे: पाणमांजरांसाठी मुलांनी काय करावं?

नमस्कार मंडळी,
माझं माहेर गोव्यातलं चोडण बेट. मे महिन्यात लेकीला घेऊन आलेय. रायबंदरहून फेरीबोट धक्क्याला लागते न लागते तोच ती शेजारच्या मुलाबरोबर पसार! ती नऊची, तो दहाचा. ती मराठीत बोलते, तो कोंकणीत, आणि भांडणं मात्र दोन्ही भाषांत.

परवा दोघं खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून चिखलाने माखून आली. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, त्यांना पाच बोटांचे ठसे आणि खवल्यांनी भरलेली, माशांचा उग्र वास मारणारी विष्ठा दिसली. भाऊ म्हणाला, पाणमांजर! सालिम अली पक्षी अभयारण्य याच बेटावर, त्यामुळे मला फारसं नवल नाही, पण पोरांना झोप नाही.

अडचण अशी की तिथेच तुटक्या नायलॉन जाळ्यांचे गुंते पडलेत आणि भटकी कुत्रीही फिरतात. शिवाय पाणमांजरं जाळी फाडतात म्हणून मासे धरणाऱ्यांचा राग, आणि तोही खोटा नाही. मुलांना पाटी लावायचीय. मला भीती वाटते की पाटी पाहून मोबाईल घेऊन गर्दीच जमेल.

जाळी उचलायला मुलांना नेलं तर चालेल का, की आधी वनखात्याला विचारावं? ओहोटीला बांधावर गेलं तर पाणमांजरं बिचकतील का? मासेवाल्यांशी हा विषय कसा काढावा? कुणी असं काम केलं असेल तर सांगा. आमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. आम्ही गेल्यावर शेजारचा मुलगा एकटाच लक्ष ठेवणार, तर त्याला जमेल असंच काही सुचवा.