मदत हवी आहे : जिताड्याला तरंगत्या खाद्याची सवय कशी लावावी?

नमस्कार. अलिबागच्या खारेपाटात आमचे अर्ध्या एकराचे तळे असून त्यात आम्ही दोन वर्षांपासून जिताडा वाढवत आहोत. चेन्नईच्या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन साध्य केल्यामुळे आता बोटुकलीसाठी, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटभर पिल्लांसाठी, केवळ खाडीवर अवलंबून राहावे लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

जिताडा आपल्याच जातीला खातो. गेल्या वर्षी जाळे ओढले, तेव्हा एकाच्या तोंडातून भावंडाची शेपटी लोंबत होती. तेव्हापासून दर पंधरवड्याला आकारानुसार पिल्ले वेगळी करतो.

खरी अडचण खाद्याची आहे. बंदरावरची बारीक मासळी चिरून घालतो, परंतु त्या टोपलीत बांगड्याची आणि तारलीची बोटभर पिल्ले दिसली की हात थबकतो. ज्या पैदाशीसाठी १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला लावतो, तीच पिल्ले तळ्यात ओतणे मला पटत नाही.

कोणी जिताड्याला पूर्णपणे तरंगत्या गोळी खाद्यावर आणले आहे का? किती इंचांच्या बोटुकलीपासून सुरुवात केली, मासळीचे प्रमाण किती दिवसांत कमी केले आणि किलोमागे खर्च किती आला, हे कृपया सविस्तर कळवावे.