सासूबाईंची मान धरली आहे आणि त्यांना शुगर आहे. शेक द्यावा की बर्फ?

नमस्कार. आम्ही निपाणीचे. सासूबाईंसाठी विचारते आहे, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय ६१, लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कापलेली पानं, आणि मान खाली. सकाळचं आवरून एकदा बसल्या की जेवणापर्यंत मान वर होत नाही. मजुरी हजार विड्यांवर मोजतात, त्यामुळे मधे उठलं की हात मागं पडतो असं त्यांना वाटतं.

दिवाळीपासून उजव्या बाजूला, कवटीच्या खालपासून खांद्यापर्यंत दगडासारखं घट्ट झालंय. सकाळी जास्त. मागं बघायचं तर अख्खं अंग वळवतात. पडल्याबिडल्या नाहीत, ताप नाही. डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढला. मणक्यांची झीज आहे, वयाप्रमाणे असते, म्हणाले. गोळ्या आणि मलम दिलं आणि "शेका" म्हणाले. कशानं, किती वेळ, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

मग घरोघरचे उपाय सुरू झाले. शेजारच्या मावशींनी खडे मीठ तव्यावर भाजून पुरचुंडीनं शेकायला सांगितलं. जाऊबाईंचं माहेर खानापूरकडं, त्या निर्गुडीचा पाला गरम करून बांधा म्हणाल्या. भाचा जिमला जातो, तो म्हणतो शेक अजिबात नको, बर्फच लावा. मिठाच्या शेकानं बरं वाटायचं, पण तासाभरानं परत तेच.

परवा थंडी फार होती म्हणून मी रबरी पिशवीत उकळतं पाणी भरून दिलं. आधी बाम चोळला होता. आत्या पिशवी मानेखाली घेऊन झोपल्या आणि सकाळी खांद्यावर दोन रुपयाच्या नाण्याएवढा फोड. "मला कळलंच नाही गं," म्हणाल्या. नऊ वर्षांची शुगर आहे, तळपाय बधिर असतात हे मला माहीत होतं. तरी मी पिशवी देऊन निघून गेले. तेव्हापासून काहीही करायला हात धजत नाही.

शुगर असलेल्या माणसाला शेक द्यायचाच नाही का? द्यायचा तर किती गरम? बर्फाचं खरं काय? आणि काम बंद करा हे सांगू नका, ते त्या ऐकणार नाहीत आणि घरालाही परवडणार नाही. हल्ली धागा बांधताना बोटांना मुंग्या येतात असंही म्हणतात, ते बहुतेक थंडीमुळे असेल.

मलप्रभेकाठी:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावात काम करते. आधी फोडाचं. फोडू नका, टूथपेस्ट-हळद काही लावू नका, स्वच्छ कापडानं झाका आणि डॉक्टरांना दाखवा. शुगरमध्ये जखम चिघळायला वेळ लागत नाही.

भाजलं ते तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे: उकळतं पाणी, खाली बाम आणि वर झोप. बाम किंवा मलम लावलेल्या जागी शेक कधीच नको. पिशवी तीनातल्या दोन हिश्श्यांच्या वर भरू नका, हवा दाबून काढा, टॉवेलच्या दोन घड्या घाला. पाणी आधी तुमच्या मनगटावर बघा, आत्यांच्या नाही. पंधरा मिनिटं, त्या जाग्या असताना, बसलेल्या असताना. दर पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघा. मिठाची पुरचुंडीही याच नियमानं, कारण भाजलेलं मीठ वाटतं त्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. पण सुरू करण्याआधी त्यांचे डोळे मिटवून कोमट आणि गार चमचा मानेला लावून बघा. फरक ओळखता आला नाही तर तिथं शेकही नको, बर्फही नको. फोड बरा होईपर्यंत त्या बाजूला काहीच नको.

भाच्याचं पूर्ण चुकलेलं नाही. ताजी लचक, सूज असेल तर पहिले दोन दिवस बर्फ, तोही कापडात गुंडाळून दहा मिनिटं. महिनाभर आखडलेल्या स्नायूला बहुतेकांना ऊबच बरी वाटते. पण दोन्हींचा उतार थोड्या वेळाचाच असतो. म्हणून शेकानंतर मान सैल असते तेव्हा हळूच हनुवटी मागं ओढायची, खांदे मागं घ्यायचे, दहा-दहा वेळा. आणि सुपाखाली उशी घाला. सूप चार बोटं वर आलं की मान तेवढी कमी झुकते. पाठ भिंतीला टेकवा. विड्यांचा एक कट्टा, म्हणजे जुडी, बांधून झाला की वर बघायचं, एवढं तरी त्यांना मान्य होईल.

आता मला काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या ओळीची. मुंग्या कुठल्या बोटांना येतात? एकाच हाताला की दोन्ही? पान कापताना कात्री हातातून सुटते का?

घटप्रभा:
माझ्या आईलाही असंच होतं, अंगठा आणि पहिलं बोट. आम्ही सहा महिने शेकतच राहिलो. मानेतून हाताला जाणारी नस दबली होती. लवकर दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती:
ताई, आत्ताच विचारलं. फक्त उजवा हात, अंगठा आणि शेजारचं बोट. कात्री दिवाळीपासून दोनतीनदा पडली, पण "पानं ओली असतात, सुटतेच," म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी मूठ दाबायला सांगितली. डावीपेक्षा उजवी खरंच हलकी लागली.

उद्या सकाळीच घेऊन जाते, फोडही दाखवते. ह्यांनी रजा टाकली आहे. सुपाखाली आज दुपारीच उशी घातली, आत्यांनी एकदा काढून टाकली, मी परत घातली, मग राहू दिली. विडी कामगाराचं ओळखपत्र आहे आमच्याकडं. त्यावर कुणी फिजिओथेरपी घेतली असेल तर कुठं घेतली आणि काय कागद लागले ते सांगाल का?

मलप्रभेकाठी:
चालणं डगमगतं का, लघवीवर ताबा जातो का, हेही उद्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा. तसं काही आज रात्री वाटलं तर उद्याची वाट बघू नका.