मदत हवी आहे : सोळावा आठवडा, हिमोग्लोबिन ९.२, टीएसएच ५.१. गोळ्या चालू असून दोन्ही बिघडले

वैनगंगाकाठ
बायको २७ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, आज १६ आठवडे २ दिवस. आठव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.४ आणि टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा चढतो) ३.२ होतं. कालच्या रिपोर्टात ९.२ आणि ५.१. सीबीसीतले (रक्तपेशींच्या तपासणीतले) बाकी आकडे: आरबीसी (लाल पेशींची संख्या) ३.९, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ७४, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १७.५. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर (बाळातल्या जन्मजात दोषांच्या चाळणी चाचण्या) दोन्ही नॉर्मल.

चालू गोळ्या: थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, १२व्या आठवड्यापासून लोह (फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, १०० मिग्रॅ), कॅल्शियम ५०० दोन वेळा जेवणानंतर, अ‍ॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल. पहिल्या दोन्हींना आणि पँटोप्राझोललाही 'उपाशीपोटी' सांगितलंय, म्हणून सकाळी ६ला तिन्ही एकदम. साडेसहाला चहा.

डॉक्टरांची तारीख १२ दिवसांनी आहे. लोहाची गोळी बदलायची का? सलाईनमधून लोह घ्यावं का? बाळाला काही झालं असेल का? घरी बीट, गूळ-खजूर चालू आहे, आता कलेजी सुचवतायत. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, सध्या पुण्यात.

मात्रा_वळसा
गोळ्या बरोबर आहेत, घड्याळ चुकलंय. लोह पोटात थायरॉक्सिनला पकडून ठेवतं आणि थायरॉक्सिन रक्तात पोचतच नाही. कॅल्शियमही तेच करतं. या दोघांत आणि थायरॉक्सिनमध्ये किमान ४ तास हवेत. टीएसएच चढायला तुमच्या सकाळच्या ६ वाजताचा हात नक्की आहे.

लोहाची वाट लावली ती साडेसहाच्या चहाने. चहातली टॅनिनं लोह बांधून टाकतात. वर पँटोप्राझोल: लोह शोषायला पोटातलं आम्ल लागतं आणि ही गोळी तेच कमी करते.

असं करून बघा:
६:०० थायरॉक्सिन, नुसत्या पाण्याबरोबर.
७:०० चहा, नाश्ता.
११:०० लोह, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. पुढे तासभर काही नको.
१:३० जेवण, त्यानंतर पहिली कॅल्शियम.
४:३० चहा.
८:३० जेवण, त्यानंतर दुसरी कॅल्शियम.

बायको नोकरी करत असेल तर ११ची गोळी डब्याच्या पिशवीत नको, मोबाईलच्या गजराला बांधा. डबा उघडतो दीडला आणि गोळी जाते दह्याबरोबर, आणि कॅल्शियम लोहालाही अडवतं. ११ला मळमळत असेल तर रात्री साडेदहाला झोपताना चालेल, कॅल्शियमपासून दोन तास झालेले असतात. पँटोप्राझोल खरंच लागतंय का, हे डॉक्टरांना विचारा.

एक मात्र १२ दिवसांवर टाकू नका. टीएसएच ५.१ आहे हे उद्याच फोन करून कळवा. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज साधारण पाव हिश्शाने वाढतेच, त्यामुळे वेळ सुधारूनही डोस वाढवावा लागू शकतो. तो तुम्ही वाढवायचा नाही.

निळीशाई
बाळाचं विचारलंय म्हणून. बाळाची थायरॉइड ग्रंथी १२व्या आठवड्याच्या सुमारास हार्मोन बनवायला लागते, पण तिचा जम बसायला १८-२० आठवडे जातात. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन मुख्यतः आईकडून जातं. म्हणून फोन उद्याच करा असं वर म्हटलंय ते अगदी बरोबर. टीएसएच २.५च्या खाली आणायचं आणि २० आठवड्यांपर्यंत दर ४ आठवड्यांनी तपासायचं, मग तिसाव्याच्या आसपास एकदा. यावरून 'बाळाला इजा झाली' असा अर्थ कुणी काढू नये. सौम्य वाढ आहे आणि वेळेत सापडली आहे. मीठ आयोडीनयुक्त आहे ना, तेवढं बघा. सैंधव घरात शिरलं असेल तर बाहेर काढा.

लोहाचं गणित उलटं आहे. बाळ लोहाचा मोठा साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरतं आणि जन्मानंतर पहिले ४ ते ६ महिने त्यावर काढतं, कारण आईच्या दुधात लोह फार थोडं. म्हणजे तुमच्याकडे आता वेळ आहे. अख्ख्या गरोदरपणात सुमारे १,००० मिग्रॅ लोह लागतं: अंदाजे ३०० बाळ आणि वारेला, ५०० आईचं रक्त वाढायला, बाकी नेहमीच्या झिजेत. शिवाय रक्तातलं पाणी पेशींपेक्षा जास्त वाढतं, म्हणून थोडं हिमोग्लोबिन सगळ्यांचंच उतरतं. पण दुसऱ्या तिमाहीत १०.५च्या खाली गेलं की 'पातळ झालं' म्हणून सोडून द्यायचं नाही. ९.२ ही मध्यम रक्तक्षयाची पायरी. अंगावर काढलं तर अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ आणि प्रसूतीतला रक्तस्राव न झेपणं, ही त्याची खरी भीती.

मणका आणि मेंदूची नळी (फॉलिक अ‍ॅसिड ज्यासाठी देतात ती) सहाव्या आठवड्यापर्यंत मिटलेली असते. १८ ते २० आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये मणका, हृदय, मूत्रपिंडं सगळं बघतात. तारीख आजच घेऊन ठेवा.

कलेजी नको. तिच्यात लोह आहे हे खरं, पण तयार 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदरपणातली रोजची ३,००० मायक्रोग्रॅमची मर्यादा एक वाटी सहज ओलांडते, आणि जास्त 'अ' गर्भाला घातक. बिटात १०० ग्रॅमला १ मिग्रॅही लोह नाही. त्याच्या लाल रंगाचा रक्ताशी संबंध नाही, खुशाल खाऊ द्या पण भरवसा गोळीवर.

वैनगंगाकाठ
फोन केला. थायरॉक्सिन ७५ केलं, पँटोप्राझोल बंद करून गरज पडली तरच साधं अँटासिड. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. सलाईनचं राहिलं. आणि शौचाला काळं होतंय, ते ठीक?

मात्रा_वळसा
काळं होणं ठीक, न शोषलेलं लोह बाहेर पडतंय. चिकट डांबरासारखं आणि उग्र वासाचं असेल, किंवा चक्कर येत असेल, तर मात्र दाखवा. साधं अँटासिडही थायरॉक्सिन आणि लोहाजवळ नको, ४ तासांचा नियम त्यालाही.

सलाईन आत्ता नको. आधी चार आठवडे गोळी नीट घेऊन सीबीसी करा. निदान १ ग्रॅम वाढ दिसायला हवी. तेवढी झाली नाही, गोळी पोटात टिकतच नाही किंवा दिवस भरत आलेत, तेव्हा शिरेतून लोह देतात. आकडा ११वर गेला म्हणून गोळी बंद करायची नाही, साठा भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात. आणि अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅची एक मात्रा दुसऱ्या तिमाहीत देतात. दिली नसेल तर विचारा, जंतांमुळे लोह गळत असतं.

गाळणी
सगळे लोहावर बोलले, एमसीव्ही ७४वर कोणीच थांबलं नाही. पेशी लहान होण्याची दोन मोठी कारणं: लोह कमी किंवा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचं नुसतं वाहक असणं). कच्चा अंदाज असा: एमसीव्ही भागिले आरबीसी. ७४ भागिले ३.९ म्हणजे १९. तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाकडे बोट, वर असलं तर लोहाकडे. आरडीडब्ल्यू १७.५ही लोहाच्याच बाजूने बोलतो. फेरिटिन करून घ्या. ३०च्या खाली असलं तर साठा संपलाय.

पण हा अंदाज आहे, निदान नाही, आणि दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करा. त्यातला एचबीए२ हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर थॅलेसेमिया मायनर धरतात. लोह फार कमी असताना हा आकडा थोडा खाली दिसू शकतो, त्यामुळे ३.३-३.४ आलं तर 'नॉर्मल' म्हणून फाईल मिटवू नका.

एरवी म्हटलं असतं, लोह भरून मग तपासू. सोळाव्या आठवड्यात तेवढी सवड नाही. पुढे बाळाला आजार आहे का हे बघायला गर्भजल तपासायची वेळ आलीच तर त्याचा रिपोर्ट यायलाही दिवस लागतात, त्यामुळे एचपीएलसीचा कागद या आठवड्यात हातात हवा.

वैनगंगाकाठ
उद्या देतो. माझा सीबीसी कंपनीच्या तपासणीत झालाय, हिमोग्लोबिन १४.८, एमसीव्ही ८८. म्हणजे माझ्याकडून प्रश्न नाही ना?

गाळणी
थॅलेसेमिया मायनरपुरता बहुधा नाही. पण तुम्ही भंडाऱ्याकडचे म्हणताय. पूर्व विदर्भात सिकलसेलचे (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) वाहक बरेच आहेत आणि वाहकाचा सीबीसी तुमच्यासारखाच, अगदी स्वच्छ येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमिया मायनर असला तरी तेच प्रमाण.

सरकारी केंद्रात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती फक्त 'एस' हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे एचपीएलसीच सांगते. उद्या बायकोला घेऊन जाताय ना, दोन नळ्या द्या. दुसरी तुमची.