माळवद उतरवून त्याच दगडी भिंतींवर स्लॅब टाकावा का?

तेरणाकाठ
औसा तालुक्यातलं जुनं दगडी घर आहे. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात भेगा पडल्या, पण उभं राहिलं. भिंती अडीच फुटी, डबर (ओबडधोबड दगड) आणि मातीच्या गाऱ्यातल्या. दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत गेल्यामुळे माळवदाची, म्हणजे लाकडावरच्या सपाट मातीच्या छताची, जाडी आता दोन फुटांवर गेली आहे. गवंडी म्हणतो, माळवद उतरवा, आहे त्या भिंतींवर स्लॅब ओता आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा करा, घर पक्कं होईल. हे बरोबर आहे का? किल्लारीला आधी छत कोसळलं की भिंती?

ओळंबा
बहुतेक घरांत आधी भिंत गेली आणि मग छत खाली आलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

अडीच फुटी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती दोन पातळ भिंतींची जोडी असते. आतला दर्शनी थर, बाहेरचा दर्शनी थर आणि मधे कपच्या-मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतो. जमीन हलली की हे थर सुटे होतात, मधली भर खाली बसते आणि पाचरीसारखी बाहेरच्या थराला ढकलते. भिंतीला पोट येतं, बाहेरचा थर ढासळतो आणि आतला थर एकटा माळवद पेलू शकत नाही. कोपऱ्यातही दगड एकमेकांत गुंतवलेले नसतात, त्यामुळे तिथे उभी भेग पडून दोन भिंती वेगळ्या होतात.

आता वजन बघा. ओलसर माती घनमीटरला साधारण 1600 किलो धरली, तर 60 सेमी जाडीचं माळवद चौरस मीटरला 960 किलो भरतं. दहा बाय बाराच्या एका खोलीवर दहा टनांहून जास्त. भूकंपाचा आडवा धक्का वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून माती कमी करायलाच हवी. पण 20 सेमी ठेवली तरी वजन चौरस मीटरला 320 किलोंवर येतं आणि 12 सेमी जाडीचा स्लॅबही चौरस मीटरला 300 किलोंचा असतो. म्हणजे स्लॅब टाकून वजनात काहीच विशेष मिळत नाही आणि खालची भिंत होती तशीच सुटी राहते. ती फुटली की अख्खा स्लॅब एका तुकड्यात खाली येतो.

सिमेंटच्या गिलाव्याने थर जोडले जात नाहीत. उलट भिंतीत मुरलेलं पाणी अडकून आतला गारा मऊ होतो आणि वरून भिंत छान दिसत असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

भूस्तर
जमिनीबद्दल थोडं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3:56 चा तो भूकंप 6.2 ते 6.4 तीव्रतेचा होता. जगात या आकाराचे भूकंप दरवर्षी होतात. इथे सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण केंद्र उथळ होतं, गावं अगदी डोक्यावर होती आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक घरात झोपले होते. किल्लारीच्या पश्चिमेला शेतात जमीन फाटून एक बाजू अर्धा-पाऊण मीटर वर उचलली गेली. तरी माणसं भेगेत पडून गेली नाहीत, दगड-मातीखाली गेली. माती इतकी बारीक की ढिगाऱ्यात पोकळी उरत नाही, नाकातोंडात धूळ जाऊन जीव गुदमरतो.

त्या वेळी हा भाग भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो झोन 3 मध्ये आला. 52 गावं नव्या जागी वसवली, पण आसपासच्या बाकी गावांत तुमच्यासारखी जुनी घरं आजही आहेत.

पाया काळ्या मातीत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि भूकंप नसतानाही भिंतीला तिरक्या भेगा पाडते. घरालगत पन्हाळ्याचं पाणी मुरू देऊ नका.

रिंगसळई
स्लॅब हवाच असेल तर वेगळे आरसीसीचे खांब-तुळया उभ्या करा, नाहीतर नव्या भिंती बांधा. मातीच्या गाऱ्यावर स्लॅब नको म्हणजे नकोच. खांब करताना उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं 135 अंशात आत वाकवून घ्या. 90 अंशात वाकवलेली रिंग धक्क्यात उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आणि आरसीसी म्हटलं की निर्धास्त होऊ नका. 26 जानेवारी 2001 ला भूज परिसराच्या भूकंपात केंद्रापासून 200 किमीहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. खाली पार्किंगसाठी मोकळे खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, असंच त्यांतल्या अनेकांचं रूप होतं.

तेरणाकाठ
मग भिंती तशाच ठेवून काय करता येईल? पश्चिमेच्या भिंतीला मधोमध पोट आहे, ओळंब्यात तीन-चार बोटं बाहेर दिसते. छत खांब-तुळयांवर आहे, पण दोन तुळया थेट भिंतीत शिरलेल्या आहेत.

ओळंबा
पोट आलेला भाग वाचवता येत नाही, तो उतरवून पुन्हाच बांधावा लागतो. पण सुरुवात माळवदापासून करा. माती छताच्या दोन्ही बाजूंनी सारखी काढत जा, एका कडेला ढीग लावू नका. किडलेलं किलचण (मातीखालचा लाकडी फळ्या-काठ्यांचा थर) बदला, त्यावर जाड प्लास्टिक अंथरा आणि माती 20 सेमीच ठेवा. दरवर्षी भर टाकायची सवय मोडावी लागेल. गळती प्लास्टिकने थांबते, मातीच्या जाडीने नाही.

त्या दोन तुळयांखाली भिंतीला लागून तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) लाकडी खांब द्या, म्हणजे भिंत गेली तरी छत अंगावर येणार नाही. खांब-तुळईचा सांधा बहुधा नुसता टेकलेला असतो. तिथे दोन्ही दिशांनी तिरके आधार बोल्टने बसवा. मगच टेकू देऊन पोटाचा भाग उतरवा, एका वेळी मीटरभर लांबीचाच. नव्या बांधकामात भिंत 45 सेमीपेक्षा जाड नको. दर 60 सेमी उंचीवर, आडव्यात 1.2 मीटरच्या आत, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड घाला.

उरलेल्या भिंतींत आरपार दगडाऐवजी काँक्रीटचे बंध बसतात. साधारण मीटर-मीटरवर, एकाआड एक रांग अर्धा मीटर सरकवून जागा खुणा. दगड हलकेच सैल करून काढा. घणाचा ठोका दिलात तर जोडायला निघालेले थर तिथेच सुटतील. 75 मिमीचं भोक आरपार गेलं, तोंडाशी थोडं रुंद झालं, की अर्ध्यापर्यंत 1:2:4 काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी) भरा, दोन्ही टोकांना आकडे केलेली 8 मिमीची सळई ठेवा आणि उरलेलं भरून घ्या. एका भिंतीत एकाच वेळी थोडीच भोकं करा. दहा दिवस पाणी शिंपडा, पाइपचा फवारा मारू नका. शेजारचा गारा वाहून जातो.

रिंगसळई
यात भर: दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती अखंड पट्टा हवा. दर्जा (दगडांमधले सांधे) 2 सेमी खोल खरवडायच्या, धुवायच्या, 1:3 सिमेंट-वाळूच्या गिलाव्याचा पहिला हात, त्यावर 25 सेमी रुंदीची वेल्डेड जाळी आणि वर दुसरा हात. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे करा. नुसते खिळे मातीच्या दर्जेत धरत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंच्या जाळ्या आरपार तारेने किंवा वर सांगितलेल्या काँक्रीट बंधांच्या आकड्यांना बांधा. जाळी कोपऱ्यावर कापायची नाही, वळवून पुढच्या भिंतीवर न्यायची. सांधा आलाच तर 30 सेमी एकमेकांवर घ्या. गवंड्याला वेळ नसला की तो नेमका कोपऱ्यावरच जाळी तोडतो आणि मग पट्ट्याचा काही उपयोग राहत नाही. त्या दिवशी तिथे स्वतः उभे राहा.