मदत हवी आहे: एमबीए एचआर झालंय, सातपूरला लेबर लॉ कन्सल्टंट की पुण्याला रिक्रूटमेंट?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय त्याबद्दल आधीच सॉरी.

नाशिकमध्येच एमबीए केलं, एचआर घेऊन. कॉलेजात वाटायचं एचआर म्हणजे इंटरव्ह्यू, ट्रेनिंग आणि दसऱ्याला रांगोळी स्पर्धा. मग अंबडच्या एका कारखान्यात सहा महिने ट्रेनी म्हणून टाइम ऑफिसला बसले तेव्हा कळलं की मस्टर, गेटपास, कॅन्टीनच्या डाळीची तक्रार आणि कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांचा पीएफ हेच खरं काम. एका हेल्परचं नाव आधारवर वेगळं आणि पीएफला वेगळं, वडिलांच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायचे होते, क्लेम दोनदा रिजेक्ट, रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलासमोर येऊन काही न बोलता उभा राहायचा. ते निस्तरलं त्या दिवशी मला वाटलं आपल्याला हेच जमतं. सहा महिने संपल्यावर 'जागा नाही' म्हणाले, अनुभवाचं पत्र अजून देतायत.

आता हातात दोन गोष्टी आहेत. सातपूरला एक कन्सल्टंट आहेत, तीसेक कंपन्यांचं पीएफ-ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), रजिस्टरं, इन्स्पेक्शन बघतात, पगार 15 हजार. पुण्याला आयटी रिक्रूटमेंट, 24 हजार आणि वर इन्सेंटिव्ह, पण रूमभाडं जाणार आणि महिन्याचं टार्गेट.

मला पुढे आयआरमध्ये (इंडस्ट्रियल रिलेशन्स) जायचंय, युनियनशी बोलणी, करार वगैरे. जिला सांगते ती मैत्रीण म्हणते मुलींना तिथे कोण घेतं. पप्पा सातपूरला 26 वर्षं मशीनवर, युनियनच्या कमिटीत होते, ते म्हणतात 'तू टेबलाच्या पलीकडे बसणार तर', आणि हसतात, पण ते हसणं नक्की कसलं हे मला अजून कळलेलं नाही. आई पुण्याच्या बाजूने, मामा आहे तिथे.

कन्सल्टंटकडे गेले तर कायम पीएफ-ईएसआयसीची चलानंच भरत बसेन का? आणि डीएलएल अँड एलडब्ल्यू (लेबर लॉ आणि लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा) करून ठेवू का?

– गंगापूररोडची

जुना_टाइमकीपर: अंबड-सिन्नर मिळून 19 वर्षं आयआर केलंय म्हणून लिहितो. कन्सल्टंटकडे जा ताई, पण अट घालून. फक्त चलान भरायला बसवणार असतील तर वर्ष वाया जाईल. पीएफ पगाराच्या 12 टक्के, ईएसआयसी कामगाराचं 0.75 आणि कंपनीचं 3.25, हे पंधरा दिवसांत पाठ होतं. इन्स्पेक्शनला, कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात तडजोडीला, लेबर कोर्टात तारखेला सोबत नेणार का ते विचार. हो म्हणाले तर डोळे मिटून जा. आणि वेळ चांगली आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झालेत. भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे सगळ्यांची सॅलरी स्ट्रक्चरं पुन्हा मांडायची, ग्रॅच्युइटीसकट. ते काम कंपन्यांमध्ये जुन्या लोकांना जड जातंय, आम्हीपण रोज वाचतोच आहोत. तू आत्ता शिकलीस तर आमच्या बरोबरीने शिकशील.

वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी, हाही रस्ता आहे. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये 500 कामगारांना एक लागायचा, नव्या कोडात 250 लाच. मात्र नियमात बसणारी डिग्री कोणती ते आधी बघ, नुसत्या एमबीएवर ठिकठिकाणी अडतं. माझ्या बॅचचे अर्धे एमएसडब्ल्यू (समाजकार्य) नाहीतर एमएलएसवाले (लेबर स्टडीज) होते. डीएलएल अँड एलडब्ल्यू एका वर्षाचं आहे, नोकरी सांभाळून होतं, कायदा वाचायची सवय लागते. त्याने नोकरी मिळेल असं समजून करू नकोस एवढंच.

कोथरूडात_राहतो: विरुद्ध बाजूने बोलतो. मी रिक्रूटमेंटमधून सुरुवात केली, आता एका कंपनीत कॉम्पेन्सेशन बघतो, म्हणजे तिथून बाहेर पडता येतं. पण दोन वर्षांनंतर आयआरवाले मला इंटरव्ह्यूलासुद्धा बोलवत नव्हते, 'तुम्ही फोनवाले' म्हणायचे. पैशाची गरज असेल तर ये, आयआरच करायचं असेल तर पुणे सध्या विसर. बाकी 24 मधले 8 तर मेसवाल्या काकूच घेतील :)

अंजनेरी: मुलींना कोण घेतं म्हणणाऱ्यांना सोड. आमच्या प्लांटला चार्जशीट द्यायला आणि चौकशीला मॅडमच बसतात, कमिटीवाले त्यांच्यासमोर आवाज चढवत नाहीत कारण त्यांना स्टँडिंग ऑर्डरचा (कंपनीतल्या कामाच्या आणि शिस्तीच्या नियमांचा) नंबरासकट क्लॉज पाठ असतो. आणि यूपीएससी ईपीएफओची (पीएफ बघणारी सरकारी संस्था) एन्फोर्समेंट ऑफिसरची परीक्षा घेते, त्यात लेबर लॉ आणि आयआर असतं, तेवढा अभ्यास बाजूला चालू ठेव. पत्रासाठी जुन्या कंपनीला ईमेल कर, तोंडी मागू नकोस.

गंगापूररोडची: सगळ्यांना थँक्यू. आज सातपूरला जाऊन विचारलं. तारखेला नेणार म्हणाले, पण पहिले तीन महिने चलानंच. पगार सोळा करून घेतला. पप्पांना सांगितलं तर ते उठून कपाटातून 2009 च्या कराराची प्रत घेऊन आले, मागे पेन्सिलने आकडेमोड केलेली. म्हणाले आधी हे वाच, मॅनेजमेंटने कुठे फसवलं ते शोध, मग जा कामाला.

दोन पानं वाचलीत, अजून सापडलेलं नाही. @जुना_टाइमकीपर, व्हेरिएबल डीए म्हणजे महागाईच्या इंडेक्सप्रमाणे वाढणारा भत्ता तोच ना?

जुना_टाइमकीपर: तोच. आता बेस इंडेक्स कुठला धरलाय ते बघ, सगळी गंमत तिथेच असते.